तारेनं बांधलेली पट्टी

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. घरी दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण लाँड्रीच्या कारखान्यात दोघी एकाच यंत्रावर. दवाखान्यांच्या ओल्या चादरी दोन टोकांना धरायच्या आणि तापलेल्या रोलरांमध्ये सरकवायच्या. रोलरांपुढे एक आडवी पट्टी होती. तिला हात लागला की यंत्र जागच्या जागी थांबायचं. सारखं थांबतं, काम तुंबतं, म्हणून मुकादमानं ती तारेनं वर बांधून टाकली होती. कुणी जरा रेंगाळलं की तो शिट्टी मारायचा, म्हणून बायका त्याला शिट्टीच म्हणत.

"अहो, कुणाचा तरी हात जाईल," थोरलीनं एकदा सांगून पाहिलं.

"मला काय सांगतेस? मालकांचाच हुकूम आहे."

त्या दुपारी चादरीचा कोपरा दुमडला. तो सारखा करायला धाकटीनं बोटं पुढं केली आणि चादरीबरोबर तिचा हात मनगटापर्यंत आत गेला.

अशी किंकाळी थोरलीनं जन्मात ऐकली नव्हती. तिनं लाल बटण दाबलं. रोलर थांबले, पण हात मध्येच अडकून भाजत राहिला. जळक्या कातडीचा वास सुटला. रोलर उचलायची चावी शिट्टीच्या खिशात होती.

शिट्टी धावत आला, हातात पक्कड घेऊन. वाकला आणि तार कापायला लागला.

"चावी! आधी चावी लावा!"

"थांब गं! तपासणीवाल्यांना तार दिसली तर सगळे मरू!"

थोरलीनं ढकलगाडीचा लोखंडी दांडा उपसला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड कडकन मोडलं. तो कोसळताच तिनं खिशातून चावी ओढली, रोलर उचलले. हात बाहेर आला, पण बोटं चादरीलाच चिकटून राहिली. बायकांनी धाकटीला उचलून बाहेर पळवलं.

शिट्टी सरपटत पुन्हा पकडीकडे निघाला होता. थोरलीचं डोकंच फिरलं. तिनं त्याच्या गुडघ्यावर मारलं, मग तोंडावर. दात फरशीवर सांडले. चौघींनी तिला मागून धरलं तेव्हा कुठं दांडा सुटला.

संध्याकाळी दवाखान्यात मालक आले. हळू आवाजात म्हणाले, "तिच्या इलाजाचं मी बघतो. मारहाणीचीही वाच्यता करत नाही. फक्त तारेचं नाव काढू नकोस."

"तार होती. आणि मारलंही मीच. दोन्ही सांगणार."

रक्तानं माखलेल्या कपड्यांनिशीच ती पोलीस चौकीत गेली. पुढं जबडा बांधलेल्या शिट्टीनंही खूण करून मालकांकडेच बोट दाखवलं. यंत्राला सील लागलं. मालकांवर खटला भरला, तसा थोरलीवरही. ती आत गेली.

जायच्या आधी ती धाकटीच्या खाटेशी बसली. मनगटाच्या पुढं नुसतं बँडेज होतं.

"पहिला फटका माझ्यासाठी होता, कळलं मला," धाकटी म्हणाली. "पण पुढचे?"

"ते माझे होते गं. हात थांबेचना."

"मग तुझ्या-माझ्या पोरांचं कोण बघणार आता? मी, एका हातानं?" धाकटी खेकसली आणि हुंदके देत तिच्याच कुशीत शिरली.