खिशांना शिवलेल्या बाह्या

"हात!" सासूबाई शिलाई मशीनवरून खेकसल्या.

माझ्या चार वर्षांच्या लेकीवर, चिमणीवर, काडीचाही परिणाम झाला नाही. मशीनचं चाक फिरायला लागलं की ती आनंदाने दोन्ही हात फडफडवते, तशी फडफडवत राहिली. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने मात्र चटकन स्वतःचे हात मांड्यांखाली दडपले. चाळिशीचा बाप्या, ऑफिसात दहा माणसांचा साहेब!

"उद्या शाळेत बाई हिला बघणार. तिथे हे पंख चालायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या. नव्या फ्रॉकच्या लांब बाह्यांची टोकं खिशांच्या आत शिवून टाकत होत्या, म्हणजे हात बाहेर निघायलाच नकोत.

"अहो आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना? ऑटिझम आहे तिला. हात हलवले की तिचा जीव शांत होतो. थांबवायचं नाही."

"डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! ह्यालाही हीच खोड होती. असाच कोट शिवला होता मी. महिन्याभरात सुतासारखा सरळ झाला."

हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. हा झोपतोसुद्धा उशीखाली हात दाबून. चिमणी झाली तेव्हा दवाखान्यात खिशात हात घालून उभा होता, बाळाला घेईना. त्यावरून मी मेली चार वर्षं त्याला टोमणे मारतेय.

"सरळ?" माझा आवाज चढला. "आई, बघा जरा त्याच्याकडे. ओरडलात कुणावर आणि हात दडपले कुणी?"

त्यांनी चष्मा सारखा केला. लेकाकडे बराच वेळ बघितलं. मशीन थांबलं होतं. मग फ्रॉक मांडीवर ओढून त्या कात्रीच्या टोकाने टाके उसवायला लागल्या. डोळे भरल्यामुळे त्यांना दोरा सापडेना.

"चाक फिरव गं तिच्यासाठी," त्या मला म्हणाल्या. मी फिरवलं. चिमणी खिदळली, तिचे हात पुन्हा उडायला लागले.

"तू पण काढ रे बाळा," सासूबाई त्याला म्हणाल्या. "नाही ओरडणार मी. काढ ना हात."

"काढतो, आई."

चिमणी त्याच्यासमोर येऊन फडफडत होती. तिच्याकडे बघून तो हसतही होता. हात मात्र मांड्यांखालीच राहिले.