फुंकीचा आकडा

बोंडअळीनं वऱ्हाडाचा कापूस खाल्ला, त्या साली नांदगाव पेठेतल्या एका सूतगिरणीच्या फाटकावर रोज रांग लागायची. शेतात काम उरलं नव्हतं, म्हणून खेड्याखेड्यांतून आलेली माणसं. मालकाला ती रांग हवीच होती. आतल्या कुणी तोंड उघडलं, की मुकादम खुशालराव नुसतं बाहेर बोट दाखवायचा.

बिल्कीस आत होती. पॅकिंगमध्ये, सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, खोक्यांत भरायला. नवरा अब्दुल सत्तार घरी बसलेला. जन्मभर गल्लोगल्ली फिरून त्यानं लोकांच्या गाद्या पिंजल्या. रुईची धूळ छातीत जाऊन बसली ती निघालीच नाही. आता उंबरा ओलांडायचा तरी भिंत धरायचा. घर चालायचं ते बिल्कीसच्या हातांवर.

दसरा झाला, गाजरगवत पांढरं फुललं, की बिल्कीसच्या शिंका सुरू. डोळे लाल, छातीत मांजर घुरघुरल्यासारखं. थंडी पडली की आपोआप थांबायचं, म्हणून दवाखाना कधी केला नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत खुशालराव सांगत आला, "दिवाळी झाली का डाक्टर येनार हाये मशीन घेऊन. त्यात फुंकाचं. ज्याच्या श्वासनळीले सूज, त्याचा आकडा चढते. आकडा चढला त्यानं घरी जायाचं. मांगच्या सालासारखं कोनी इथं पडाले नोको."

मागच्या साली कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात एक बाई धाप लागून पडली, ती उठलीच नाही. कंपनीनं धूळ कमी केली नाही. मशीन मागवली.

फाटकासमोर माणिकबाई भाजी विकायची. तिला दमा, माहेरी अकोल्याच्या सरकारी दवाखान्याचं औषध चालू. बिल्कीसचा चेहरा पाहूनच तिनं तराजू खाली ठेवला.

"काहून वं, तोंड काहून उतरलं? सत्तारभाऊ बरे हायेत ना?"

"ते हायेत तसेच हायेत. मीच फेल होनार, माय." बिल्कीसनं मशीनचं सांगितलं.

माणिकबाई हसली. "येवढंच? अकोल्याले मलेबी तसंच फुंकाले लावलं होतं. पयल्या खेपेले आकडा असा चढला का डाक्टरीनबाई माह्याकडे पाहतच राह्यली. मंग हा तोंडानं वढाचा पंप देला. सकाळ-संध्याकाळ वढला, अन् पुढच्या खेपेले आकडा खाली! घेऊन जाय."

"अन् तू?"

"मले कुठं फुंकाचं हाये? गिऱ्हाईक काय माहा आकडा पाहून वांगे घेते?"

या वस्तीत औषध असंच फिरतं. विरजण जसं या घरातून त्या घरात जातं, तसं. एकाच्या खोकल्याची बाटली तिघं पितात. बरं वाटलं तरी पंप सोडायचा नाही, असं डॉक्टरीणबाईनं माणिकबाईला बजावलं होतं. पण बरं वाटतंय तर औषध उगाच ओढत बसायचं, त्यापेक्षा ते शेजारणीच्या कामी यावं, हेच तिला शहाणपणाचं वाटलं.

बिल्कीसनं तपासणीच्या दिवसापर्यंत पंप न चुकता ओढला. मांजर निजलं.

डॉक्टर अमरावतीहून आला होता, घाईत होता. नळी तोंडात, पडद्यावर एक ढग. फुंकीनं तो दोन रेघांच्या मध्ये तरंगत ठेवायचा. "हळू. एकसारखं. सोडू नका." बिल्कीसचा ढग हलला नाही. आकडा अगदी खालचा आला.

"वा. एकदम स्वच्छ," डॉक्टर म्हणाला.

मशीन खोटं बोलली नाही. ती फक्त सूज सांगते. सूज कशानं येते, कशानं उतरली, हे विचारणं माणसाचं काम. काही औषध चालू आहे का, एवढा एक प्रश्न. तो त्यानं विचारला नाही. त्याला पगार आकड्यांचा होता, प्रश्नांचा नव्हता. पुढच्या बाईला हाक गेली.

संध्याकाळी खुशालराव हसत आला. "बिल्कीसबाई, साऱ्याईत तुमचा आकडा खाली! साहेब खूश. उद्यापासून गाठी फोडाच्या खात्यात."

"मले पॅकिंगच बरं हाये, खुशालरावभाऊ."

"काहून? पॅकिंगले कोनीबी चालते. तिथं छातीचा मानूस पायजे. मशीन सांगून राह्यली छाती चांगली, अन् तुमी नाही म्हनता?" आणि त्यानं बाहेर बोट दाखवलं.

पंपाचं सांगावं तर रांगेत. गप्प राहावं तर गाठींत.

घरी सत्तारनं सगळं ऐकलं. बराच वेळ दम गोळा करून एवढंच बोलला, "मुँह बाँध के जाना. मैंने कभी नहीं बाँधा."

तोंड बांधूनच ती गेली. गाठ फुटली की पांढरं धुकं उठायचं. समोरच्या बाईच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. त्या धुक्याचा वास बिल्कीसच्या ओळखीचा होता. लग्न झाल्यापासून सत्तारच्या सदऱ्यांना यायचा तोच. दुपारी फडक्याच्या आतच मांजर जागं झालं.

सुटी झाल्यावर फाटकाबाहेर माणिकबाई बसली होती. पालक तोलताना तिचा हात मध्येच थांबला, खांदे वर गेले. श्वासात बारीक शिट्टी वाजत होती.

"झाली ना वं पास? मंग पंप... आन इकडं. कालपासून... दाटून राह्यलं."

पंप बिल्कीसच्या कुर्त्याच्या खिशात होता. ओढणीखालून तिनं तो हलवून पाहिला. हलका लागला.

"घरी राह्यला, माय. उद्या आनतो."

"बरं. उद्या आन." माणिकबाईनं पालकाची जुडी तिच्या पिशवीत कोंबली. "सत्तारभाऊले."

बिल्कीस गिरणीच्या भिंतीपर्यंत चालत गेली. वळणावर पाठ फिरवून उभी राहिली, पंप तोंडाला लावला आणि दाबला. मागून माणिकबाईची हाळी आली, "पालक घ्या, ताजा..." आणि पुढचा 'पालक' हा शब्द तिच्या छातीतून बाहेर आलाच नाही.

बिल्कीसनं मागे पाहिलं नाही. तिनं पंप पुन्हा एकदा दाबला.