कानाची पाळी

नासीरचा हात आजही कानाला गेला नाही.

प्राचार्य बाहेरगावच्या पाहुण्यांना संगीत विभाग दाखवत होते. पाहुण्यांनी सहज विचारलं, "तबल्याची तालीम कुणाकडे झाली?" नासीर शेखने नेहमीचं उत्तर दिलं, "इंदूरला, खाँसाहेबांकडे." नाव सांगितलं, हसला आणि दोन्ही हात डग्ग्यावर ठेवून बसून राहिला. पलीकडे तंबोऱ्यावर खोळ चढवत इंदिराबाई पिंपळनेरकर तिरक्या नजरेनं त्या हातांकडेच बघत होत्या.

गाण्याबजावण्याच्या माणसाने गुरूचं नाव घेतलं, की त्याचा हात कानाच्या पाळीला जातो. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव माझ्या तोंडून निघतंय, चूकभूल माफ असावी, असा त्याचा अर्थ. हे कुणी शिकवत नाही, अंगवळणीच पडतं. इंदिराबाईंचे गुरू नाना कजगावकर धुळ्याचे. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पण चोपड्याच्या बाजारात भाजीवालीशी बोलताना नानांचा विषय निघाला, तरी बाई हातातली मेथीची जुडी खाली ठेवून कानाला हात लावत.

पाहुणे गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सोनवणेसर, हा माणूस खोटं बोलतोय."

तोताराम सोनवणे पेटी शिकवत. वडिलांच्या जलशात पेटी वाजवत ते लहानाचे मोठे झाले, पुढे परीक्षा दिल्या आणि हे सगळं ते कुणालाही आनंदाने सांगत. ते म्हणाले, "कानाला हात लावला नाही म्हणून? मॅडम, माझे गुरू माझे वडील. त्यांचं नाव घेताना मीही कान धरत नाही. लहानपणी त्यांनी तो पुरेसा पिळलाय."

"तुमचं वेगळं. तुम्ही लपवत नाही. हा लपवतोय."

इंदिराबाईंना संशय हा काही नवा नव्हता. दूधवाला पाणी घालतो, शिपाई खिडकी मुद्दाम उघडी टाकतो, सोनवणेसर सुट्टीत कॉलेजची पेटी घरी नेतात, असं सगळ्यांबद्दल त्यांच्या मनात काही ना काही होतंच. एकट्या राहणाऱ्या बाईला ते लागतंही, असं त्या म्हणत. पण नासीरबद्दलचा संशय जरा वरच्या दर्जाचा होता. तो वाजवायचा फार चांगलं, हेच मुळात त्यांना खटकायचं. शिवाय तिहाई घेताना, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येताना, शेवटच्या 'धा'च्या आधी तो किंचित थांबायचा, श्वास अडकल्यासारखा. असं थांबणं इंदूरच्या बाजात त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बैठकीच्या, नाचगाण्याच्या तबल्यात ऐकलं होतं. आणि दर शनिवारी तास संपला, की हा पिशवी घेऊन धुळ्याची बस पकडायचा. धुळ्यात कोण आहे, विचारलं तर म्हणायचा, "आहेत एक नातेवाईक."

नासीर परीक्षा पास होता, कागद सगळे चोख होते. तरी त्याची नोकरी अजून कच्चीच होती. उन्हाळ्याच्या आधी संस्थेची समिती बसणार होती. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे तिथे ठरणार होतं, आणि विभागप्रमुख म्हणून इंदिराबाईंचा शब्द त्यात वजनाचा होता. तो देण्याआधी खात्री करून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. एका शनिवारी त्याही धुळ्याच्या बसमध्ये बसल्या, सगळ्यात मागे, डोक्यावर पदर ओढून.

धुळ्याला उतरल्यावर छत्री आडवी धरून त्या त्याच्या मागोमाग चालू लागल्या. आपण कॉलेजात शिकवतो, आपलं वय काय, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण पाय थांबले नाहीत. बाजारामागच्या गल्लीत नासीर एका बुटक्या दारातून आत गेला. इंदिराबाई समोरच्या शिंप्याच्या दुकानाशी उभ्या राहिल्या. आतून तबला ऐकू येऊ लागला. त्यावर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज बोल म्हणत होता, मधेच "नहीं, फिर से" असं दटावत होता. तिहाई आली. शेवटच्या 'धा'च्या आधी तबला थांबला, तेव्हा आवाजही तिथेच थांबला.

थोड्या वेळाने नासीर औषधाची बाटली घेऊन बाहेर पडला आणि कोपऱ्यावर वळला. इंदिराबाई दाराजवळ गेल्या.

"कौन है?" आतून आवाज आला. "दाराशी सावली पडली. धूप में क्यूं खडी है, अंदर आ जा."

खाटेवर ती म्हातारी, रहिमाबी, बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला. चोपड्याच्या कॉलेजातून आले, एवढं इंदिराबाई बोलल्या मात्र, म्हातारीचा चेहरा उतरला.

"नासीरची तपासणी करायला आलात?"

इंदिराबाई खोटं बोलू शकल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या.

"मग ऐका. मीच शिकवलं त्याला. शेजारच्या हातगाडीवाल्याचा पोरगा, दिवसभर इथेच पडलेला असायचा. माझी बहीण साबेरा बैठकीत गायची, नाचायची. कापसाच्या हंगामात व्यापारी यायचे. तबलजी दारू पिऊन पडायचा, मग मीच तबल्यावर बसायला लागले. औरत तबला बजाती है, म्हणून लोक हसायचे. हसू दे. मीच त्याला म्हटलं, इंदूरवाल्याचं नाव सांग. त्यांना तो एकदाच भेटलाय. मेरा नाम लिया तो लडकियों के कॉलेज में कौन रखेगा? बेटी, तुम बी मत लेना."

"तो शेवटच्या 'धा'च्या आधी थांबतो," इंदिराबाई म्हणाल्या. इतकं सगळं ऐकूनही त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं.

म्हातारी हसली. "साबेरा तिथे गिरकी घ्यायची. ती वळून समोर येईपर्यंत मी सम द्यायची नाही. ती गेली. नासीर का हाथ अबी बी रुकता है."

नासीर दारात येऊन उभा होता. इंदिराबाईंनी विचारलं, "नासीरसर, तुमचे गुरू कोण?"

"रहिमाबी," तो म्हणाला, आणि त्याचा हात कानाला गेला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आता समोर होतं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण इंदिराबाईंना भरून आलं. तोंडाने हा माणूस इतके दिवस खोटं बोलला होता, हाताने एकदाही नाही. त्या उठल्या, वाकल्या आणि नानांच्या पाया पडत तशा रहिमाबीच्या पाया पडल्या.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. अमळनेर आल्यावर नासीर म्हणाला,

"मॅडम, तुम्ही पाया पडलात."

"मग? गुरूच्या पाया पडू नये?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. चेहरा मात्र खुलला होता. इथेच बिचाऱ्याची चूक झाली. त्याला वाटलं, सगळ्या कॉलेजात या बाईइतकी बारीक चाळण दुसरी नाही. हिच्यातून जे खाली उतरलं ते कुठेही चालेल. इंदिराबाईंनी चाळलं ते तालमीसाठी. गाव कशासाठी चाळतं, हा हिशेब तबलजीच्या डोक्यात आला नाही. खरं सांगायचं तर तो इंदिराबाईंच्याही डोक्यात आला नाही. त्यांनी अभिप्राय उत्तम दिला आणि विषय संपला असं त्या धरून चालल्या.

समितीच्या दिवशी मधल्या खुर्चीवर संस्थेचे अध्यक्ष आधार आबा बसले होते, केळीचे मोठे बागायतदार. एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेले तज्ज्ञ, टोकाला इंदिराबाई. नासीरने वाजवलं. तज्ज्ञांनी दोनदा मान डोलावली. मग उठता उठता, चष्मा पुसत, त्यांनी विचारलं, "तालीम कुणाची?"

नासीरचा हात कानाला गेला. "धुळ्याच्या रहिमाबींची. बैठकीत तबला वाजवायच्या त्या, त्यांच्या बहिणीच्या साथीला. मॅडम त्यांना भेटून आल्यात. पाया पडल्यात त्यांच्या."

सगळ्यांनी इंदिराबाईंकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "पडले. तालीम अस्सल आहे."

तज्ज्ञ पुन्हा चष्मा पुसू लागले. प्राचार्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. आबा वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीत पुढे सरकले आणि समजुतीच्या सुरात, अहिराणीत म्हणाले, "मास्तर, हाई पोरीस्नं कॉलेज शे. बैठकनं नाव निंघनं म्हंजे लोके काय म्हणतीन? बठ्ठा गाव मना दारशी येई. तू गुणी माणूस शे. मी काही ऐकं नही. त्या इंदूरवालानं नाव सांग, आन् विषय मिटाड."

पहिलं उत्तर आपण ऐकलंच नाही, असं धरायला आबा तयार होते. नासीरने इंदिराबाईंकडे बघितलं.

आणि इंदिराबाईंनी मान हलवली. अगदी थोडी. सांगून टाक, इंदूर म्हण. रहिमाबीचं औषध, भाडं, सगळं या नोकरीवर चाललं होतं, ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. एका शब्दाचा तर प्रश्न होता.

नासीर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग आबांकडे वळून म्हणाला, "रहिमाबी." आणि पुन्हा कान धरला.

समितीने त्याला कायम केलं नाही. संध्याकाळी तो विभागात आला, तेव्हा इंदिराबाई एकट्याच होत्या. त्याने तबल्याची जोडी काढली, हातोडीने गट्टे ठोकून सुरात लावली. दुसऱ्या दिवशी मुलींची परीक्षा होती. साथीला कोण बसणार हे कुणाला माहीत नव्हतं.

"एका शब्दाचं काम होतं, नासीरसर," इंदिराबाई म्हणाल्या. आवाज रागाचा होता, पण राग कुणावर ते त्यांनाही कळत नव्हतं.

"आबा बोलले तेव्हा मी ढिला पडलो होतो मॅडम. इंदूर तोंडाशी आलं होतं." त्याने हातोडी खाली ठेवली. "मग तुमची मान हलली. वाटलं, यांनाही लाज वाटतेय. राग आला मला."

"लाज नव्हती हो ती," असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. पण मग काय होतं? तोवर तो चपला घालून गेला होता.

हातोडी मात्र तिथेच राहिली. ती द्यायची, हे निमित्त बरं होतं. सुट्टी लागल्यावर इंदिराबाई धुळ्याला गेल्या. या वेळी छत्री उघडून, तोंड न लपवता.

नासीर चुलीपुढे चहा करत होता. त्यांना बघून त्याने मान खाली घातली. भिंतीच्या खिळ्यावर लाल कोट टांगला होता, खांद्याला सोनेरी गोंडे, छातीवर बँडचं नाव. लग्नसराई जोरात होती आणि नासीरला बँडमध्ये काम मिळालं होतं. कोटाखालीच खाटेवर रहिमाबी बसली होती, तोंड दाराकडे करून. तिला सावलीपलीकडे काही दिसत नव्हतं.

"मॅडम आल्यात," नासीर म्हणाला.

"आओ बेटी, आओ." म्हातारीने चांगला हात पुढे केला आणि इंदिराबाईंचं मनगट घट्ट धरलं. "ये लडका कुछ बताता नहीं. म्हणतो, सुट्टी आहे. पक्की झाली ना नोकरी? खरं सांगा. तिथे माझं नाव तर नाही घेतलं त्याने?"

चुलीवरचं आधण उकळत होतं. नासीरने वर बघितलं नाही.

इंदिराबाईंनी आयुष्यभर लोकांना खोटं बोलताना पकडलं होतं. आवाज कुठे हलतो, नजर कुठे पळते, सगळं त्यांना पाठ होतं. रहिमाबीचा कान त्यांच्याहून तयार होता, म्हणून त्यांनी आधी सूर नीट लावला आणि मगच त्या बोलल्या.

"नाही घेतलं. पक्की झाली."

"अच्छा किया," म्हातारी म्हणाली. तिचा सगळा चेहरा उजळला. उशीखाली चाचपून तिने साखरेची पुडी काढली, एका हाताने कशीबशी उलगडली आणि चिमूटभर साखर इंदिराबाईंच्या तोंडाच्या अंदाजाने पुढे धरली. हात थोडा बाजूला, हवेतच थांबला होता. इंदिराबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.