लाल चिंधी

त्यानं तिसरा ड्रॉवर चादरीवर उलटा केला, तर त्यातूनही कात्री निघाली.

"बाबा, ही अजून एक."

बाबा खुर्चीत पेपर धरून बसले होते. पान कधीचं उलटलं नव्हतं.

"असेल. राहू दे ना आता. चहा टाकू?"

"चहा नको. सोमवारपासून तुमची नात इथे रांगणार आहे. तिच्या हाताला काय काय लागेल, बघा जरा."

बायकोची सुट्टी संपत आली होती. सोमवारी ती कामावर जाणार आणि चिमी दिवसभर आजीकडे राहणार. पाळणाघराला त्यांनी नाही म्हणून कळवूनही टाकलं होतं. म्हणून आज तो स्क्रूड्रायव्हर आणि ड्रॉवरला लावायच्या कड्या घेऊन आला होता. आई चिमीच्या झबल्यासाठी इलॅस्टिक आणायला खाली गेली होती. ती यायच्या आत उरकायचं होतं. तिच्यासमोर तिच्या ड्रॉवरला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पद्धत साधी. सगळं ओतायचं, मग सारख्याशेजारी सारखं. बाबांनीच शिकवलेली. बाबांनी उभी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. दिवे गेले तरी मागाल तो नट हातात ठेवायचे. अशा माणसाच्या घरात हा उकिरडा, म्हणून तो हल्ली त्यांना येता-जाता चिडवायचा.

चौथ्या ड्रॉवरमध्ये टॉवेलांच्या खाली कात्री. पाचव्यात, औषधांच्या पिशवीमागे, आणखी एक. तो सवयीनं एकाशेजारी एक मांडत गेला, आणि ओळ लांबली तसा त्याचा हात मंदावला. सगळ्या शिवणाच्या. सगळ्यांच्या मुठीला लाल चिंधी, गाठ मारलेली.

ती चिंधी त्याला पाठ होती. चिंधी म्हणजे ही फक्त कापडाची, कागदाला लावलीत तर याद राखा. शाळेचा तक्ता कापला म्हणून त्यानं पाठीत धपाटा खाल्ला होता. पण घरात अशी कात्री एकच असायची.

"बाबा."

बाबांनी पेपरची घडी घातली. मग घडीची घडी.

"सापडत नाही तिला. मग नवी आणते, चिंधी बांधते. चार दिवसांनी तीपण सापडत नाही."

"आणि तुम्ही लपवता?"

"लपवत नाही रे. लांब लांब ठेवतो. एकदा दोन एकत्र दिसल्या तिला. दिवसभर जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होती."

"कात्रीच विसरते फक्त?"

"गॅस मी बघतो," बाबा म्हणाले.

"सांगणार कधी होतात? सोमवारी? चिमीला इथे सोडून गेल्यावर?"

"मी आहे ना." ते उठले. उठताना दोन्ही हात टेकावे लागले. "पोरीची वाट बघतेय रे ती. सकाळी उठल्यावर तेवढं एक पक्कं आठवतं तिला."

जिन्यात चपला वाजल्या. बाबा खाली वाकले ते थेट कात्र्यांकडे.

"ही टॉवेलाखाली. ती नको तिथे, ती वरच्यात. मागे सरक, मागे!"

बाबा देतील ती तो घेत गेला, सांगतील तिथे ठेवत गेला. वर्षभर ज्याला उकिरडा म्हणत होता, त्यात प्रत्येक वस्तूला जागा होती. दार उघडलं तेव्हा शेवटचा ड्रॉवर बंद होत होता.

"अगंबाई, आवरलंस?" आई धापा टाकत म्हणाली. "नशीब माझं. तुझ्या बापाला सांगून जीभ झिजली." तिनं पिशवीतून नवी कात्री काढली. "घरात एक कात्री धड नाही. आता झबलं होईल बघ. सोमवारी किती वाजता आणताय?"

"इलॅस्टिक?" बाबांनी हळूच विचारलं.

"कसलं इलॅस्टिक?"

त्यानं कड्यांची पुडी खिशात सारली.

"आई, तिची सुट्टी वाढली. महिनाभर. इतक्यात नाही आणत चिमीला."

"अस्सं?" आईनं नवी कात्री मशिनवर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. "बरं झालं. पोर आईजवळ राहील."

मग ती चादर उचलायला वाकली. चादरीच्या दुमडीतून एक कात्री फरशीवर पडली.

आई तिच्याकडे बघत राहिली. बाबा खिडकीशी गेले.

"ही कुणाची?"

"माझी," तो म्हणाला. "घरून आणली होती."

तिनं ती उचलली. अंगठा चिंधीवरून फिरवला. एकदा उलटा, एकदा सुलटा.

"चिंधी कुणी बांधली?"

"मीच."

"गाठ माझ्यासारखी मारतोस."

तिनं कात्री नेऊन त्याच्या बॅगेत ठेवली, चेन ओढली, आणि पुरी लागली का ते दोनदा बघितलं.

"घेऊन जा आठवणीनं," ती म्हणाली. "इथे ठेवू नकोस."