झेपची डावी बाजू

कंपनीच्या ऋतिकानं हीटगनचा गरम झोत डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला धरला आणि पत्तीनं जुना काळा रंग खरडायला सुरुवात केली. पहिली खपली निघून फरशीवर पडली, तशी इलाहीभाईंनी डोक्यावरची टोपी उगाचच काढून पुन्हा घातली.

"चाचा, तुम्ही बसा ना. खुर्ची आणू?"

"नगं. उभा हाय तेच बरं."

खुर्चीत बसलं असतं तर मडगार्डची आतली बाजू थेट डोळ्यांसमोर आली असती, आणि नेमकं तेच त्यांना नको होतं. घरून निघताना बायकोनं, रहिमतबीनं, पुढ्यात ठेवलेली भाकरी त्यांनी अर्धीच खाल्ली होती. आनंदानं भूक मेली असेल असं समजून ती काही बोलली नव्हती.

नेऱ्याजवळच्या कंपनीच्या नव्या इमारतीत, काचेच्या भिंतींच्या हॉलमध्ये ती गाडी लिफ्टवर चढवून ठेवली होती. झेप. बाराशेच्या आसपास झेप बनल्या, त्यांतली ही अगदी पहिली. शेवटची बनून पंधरा वर्षं उलटली होती. आता तीन महिन्यांनी बॅटरीवर चालणारी नवी झेप बाजारात यायची होती. म्हातारपणी माणसाला देव आठवतो, तसा नवा माल विकायची वेळ आली की कंपनीला इतिहास आठवतो. म्हणून ही पहिली गाडी गोदामातून बाहेर निघाली, तिच्यावर फिल्म करायचं ठरलं, आणि पौडला इलाहीभाईंच्या मुलाच्या, रईसच्या, गॅरेजसमोर कंपनीची गाडी येऊन थांबली. पहिली झेप ज्यांच्या हातून घडली ते इलाही मुलाणी इथंच राहतात ना, असं विचारत.

कोपऱ्यातल्या टेबलावर मखमलीच्या फडक्यात पितळी पाटी होती. तिच्यावर त्यांचं नाव कोरलं होतं. येताना ऋतिकानं ती कौतुकानं दाखवली होती. त्यांनी एकदाच बघितली आणि फडकं परत टाकलं.

"अरे, इलाही! किती वर्षांनी!"

निरंजन साहेब काठी टेकत आत आले. झेपचा पहिला आराखडा कागदावर त्यांनीच काढलेला. आता सत्तरी ओलांडली होती, पण आवाज तोच होता. मागोमाग कॅमेरेवाला आला. कॅमेरा सुरू आहे हे कळताच साहेबांना जोर चढला.

"ही कंपनी टेम्पोचे सायलेन्सर करायची, बरं का. मालक एक दिवस म्हणाले, आपण दोन माणसांची, जमिनीलगत धावणारी गाडी करू. सगळे हसले. मी पण हसलो. मग भूगावला पोल्ट्रीची रिकामी शेड भाड्यानं घेतली."

"कोंबड्या गेलत्या, पिसं तितंच हुती," इलाहीभाई म्हणाले.

"पहिल्या इंजिनानं पिसं ओढली आणि ते गुदमरलं!" साहेब मोठ्यानं हसले.

इलाहीभाईही हसले. त्या दिवसांची गोष्ट सांगायला त्यांनाही आवडायचं, निम्म्यापर्यंत. साध्या छोट्या गाडीचं इंजिन आणून सीटच्या मागं बसवलं होतं. पहिल्यांदा ताम्हिणीच्या घाटात नेली तर पाणी उकळून वाफेचा लोट उठला. मग रेडिएटर पुढं आणला, त्याला हवा लागावी म्हणून नाक रुंद केलं, आणि इलाहीभाईंनी सहा आठवडे खपून केलेलं पहिलं नाक भंगारात गेलं. दुसऱ्यांदा गाडी चढावर उभी केली तर सांगाडाच पिळला, दारं उघडेनात. साहेब आणि मालक तासभर आतच बसले होते. तीन सांगाडे झाले, दोन नाकं झाली, तेव्हा कुठं गाडीला गाडीपण आलं.

पण अंगाची गोलाई कागदावरून उतरवणार कोण? त्या काळात कंपनीकडं ना तसली यंत्रं होती ना तेवढा पैसा. लाकूड आणि प्लास्टरचा गाडीएवढा साचा करायचा, तो हातानं घासून गुळगुळीत करायचा, आणि त्यावरून फायबरचे भाग काढायचे. ठोकरलेल्या ट्रकच्या केबिनी पुन्हा सरळ करणारा पौडचा इलाही साहेबांनी त्यासाठी शोधून आणला. उजवी बाजू झाली. नंतर दिल्लीच्या प्रदर्शनाला चाळीस दिवस उरले असताना, पिरंगुटच्या घाटात इलाही लुनावरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला.

इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. साहेब ती रंगवून सांगत होते.

"हाताला प्लास्टर! आणि मी महिनाभर मद्रासला, गिअरबॉक्सच्या मागं. मला वाटलं, संपलं. परत येऊन बघतो तर या पठ्ठ्यानं डाव्या हातानं अख्खी डावी बाजू उभी केलेली. आणि काय केलेली! मी डोळे मिटून हात फिरवला. उजवीपेक्षा सरस. मी म्हणालो, इलाही, हात मोडल्यावर तुझा हात सुधारला की काय?"

त्या वेळी इलाहीभाई नुसते हसले होते. हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. त्या एका हसण्यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं राहिलं होतं. पगार वाढला, तालुक्यात नाव झालं, पुढं रईसनं गॅरेज काढलं तेव्हा पाटीवर झेपचं चित्र रंगवलं.

खरं वेगळंच होतं. हात मोडल्यावर तिसऱ्या दिवशी रहिमतबी डबा घेऊन शेडवर आली. परक्या माणसाला आत घ्यायचं नाही असं कंपनीनं कागदावर लिहून घेतलं होतं. पण बायको काही परकी नव्हे, असं म्हणून त्यांनी तिला आत घेतलं. सांगाड्याचं काम कारखान्यात चालू होतं, शेडमध्ये ते एकटेच होते. डाव्या हातानं घासायचा प्रयत्न करत होते आणि स्वतःलाच शिव्या देत होते. रहिमतबीनं डबा खाली ठेवला, पदराचं टोक तळव्याखाली धरलं आणि साच्यावरून हात फिरवला.

"हितं खड्डा हाय," ती म्हणाली.

ते चिडले. मग बघितलं, तर खड्डा होता.

ती कल्हईवाल्याची लेक. लहानपणापासून लोकांच्या घागरी-पातेली हाताळलेली. उघड्या बोटाला खरखर जाणवते पण खड्डा जाणवत नाही; मधे पातळ कापड धरलं की हात घसरत जातो आणि केसाएवढा उंचसखलपणाही कळतो, हे तिला बापानं शिकवलेलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज एसटीनं यायला लागली. ते स्टुलावर बसून सांगायचे, ती घासायची. आठवड्यानं ते सांगायचे थांबले. चाकावरचा फुगवटा त्यांनी उजवीकडं ताठ ठेवला होता, तिनं तो घागरीच्या पोटासारखा भरून अलगद दाराकडं उतरवला. साचा झाला, फायबरही तिनंच थापलं. थापताना फायबरच्या ओल्या, चिकट रेझिनमध्ये पदर चिकटला, ओढला तर टोक फाटून आतच राहिलं. सुकल्यावर ते निघेना. त्यांनी वरून काळा रंग मारून टाकला.

चार-सहा महिन्यांनी कंपनीनं ठरवलं, की विकायच्या गाड्यांना दोन्ही बाजू डावीसारख्याच द्यायच्या. उजवीचा साचा मोडा, फर्मा लावून डावीसारखा करा; पहिली गाडी तेवढी होती तशीच राहिली. ते काम इलाहीभाईंनीच केलं. त्याच सुमाराला एकदा जेवताना रहिमतबीनं विचारलं होतं, "आवं, माझी बाजू पसंत पडली का सायबास्नी?"

आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई. मोडून नवी केली."

का बोलले, ते त्यांना आजतागायत उमगलं नव्हतं. लाज वाटली होती एवढं खरं. ती "बरं" म्हणाली होती, आणि त्यांच्या ताटात कालवण वाढलं होतं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. पण त्या कोंबड्यांच्या शेडमधलं हे झाकलेलं चोवीस वर्षं तसंच राहिलं होतं. आता शेडही नव्हती, तिथं बारा मजले उभे होते.

"एक गंमत सांगू?" पत्ती चालवता चालवता ऋतिका म्हणाली. "आम्ही काल स्कॅन केलं. या गाडीच्या दोन बाजूंत चार-पाच मिलिमीटरचा फरक आहे. तसं हातकामात होतंच. पण वळणच वेगळं आहे, चाचा. दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारखं."

इलाहीभाईंनी तळवे पायजम्याला पुसले.

"हात मोडलेला ना त्याचा," साहेब म्हणाले.

पत्ती थांबली.

"हे काय आहे? कापड?"

काळ्या रंगाखालून पिवळट फायबर उघडं झालं होतं, आणि त्यात दोन बोटं रुंद हिरवी पट्टी दिसत होती. तिच्यावर बारीक तांबडे ठिपके होते. रंग इतका ताजा होता की काल विकत आणलं म्हटलं तरी कुणी विश्वास ठेवला असता. कॅमेरेवाला जवळ सरकला. साहेबांनी चष्मा वर करून वाकून बघितलं.

"पुसायची चिंधी असेल. घाईत राहिली असेल आत. हो ना रे, इलाही?"

ताटात वाढून दिल्यासारखं उत्तर समोर आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पाटी तयार होती, फिल्म तयार होती, रईस संध्याकाळी पेढे आणणार होता. इलाहीभाईंनी त्या ठिपक्यांकडं बघितलं. ते लुगडं त्यांनीच घेतलं होतं, पौडच्या बाजारात, ईदला. पदर फाटल्यावर तिनं तो दुमडून शिवला होता आणि आणखी चार वर्षं नेसली होती.

"न्हाई सायेब," ते म्हणाले. "चिंधी न्हाई ती. लुगडं हाय. माझ्या बायकोचं."

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली घ्यावा की नको, ते त्याला कळेना.

"डावी बाजू तिनं केली. मी स्टुलावर बसलो हुतो."

साहेबांनी पुढं होऊन मडगार्डवरून हात फिरवला, पुढून मागं, एकदाच.

"कॉलेजच्या पोरांना मी ही रेषा शिकवतो," ते म्हणाले. "तुझं नाव घेऊन."

"व्हय. रईसनं सांगितलंतं."

"तेव्हा का नाही बोललास?"

"आधी नोकरीचं भ्या वाटलं. मागनं..." इलाहीभाईंनी टोपी काढून हातात घेतली. "मागनं नाव झालं, सायेब."

ऋतिकानं हीटगन बंद केली. ती टेबलापाशी गेली, पाटी उचलली, आणि काय करावं ते न सुचून तशीच छातीशी धरून उभी राहिली. "चाचा, त्यांना आणाल उद्या? इथं? मी पट्टीचा फोटो काढून देते, त्यांना दाखवा."

"फोटो नगं. आधी मी बोलतो तिच्याशी."

कंपनीच्या गाडीनं त्यांना घोटावड्यावरून पौडला सोडलं. वाटेत ड्रायव्हर काहीबाही विचारत होता, ते हूं हूं करत होते. साहेबांसमोर बोलणं सोपं गेलं होतं, याचंच त्यांना नवल वाटत होतं. खरी भीती आता लागली होती. साहेबांपासून त्यांनी एक गोष्ट लपवली होती. रहिमतबीला तर तोंडावर खोटं सांगितलं होतं. चोवीस वर्षं जी बाई आपली मेहनत उकिरड्यावर गेली असं समजून गप्प राहिली, तिला काय सांगायचं? रडली तर बरं. बोलली नाही तर काय करायचं?

ऊन कलतं झालं होतं. रहिमतबी ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. त्यांना बघून तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. ते पायरीवर बसले. पाणी प्याले. तांब्या हातातच राहिला.

"झालं का फिलिमचं?"

"झालं." मग एकदम, श्वास न घेता ते म्हणाले, "रहिमत, तुझी बाजू मोडली न्हवती. माझी मोडली. तुझीच ठिवली त्यांनी. समद्या गाड्या तुझ्याच बाजूवरनं केल्या. मी तवा खोटं बोललो."

सुपातली बोटं थांबली नाहीत. एक खडा निघाला, तो तिनं अंगणात टाकला.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

इलाहीभाईंनी तांब्या खाली ठेवला.

"रईसच्या लग्नाचा बस्ता बांधून येत हुतो," रहिमतबी म्हणाली. "भूगावात मिठाईच्या दुकानाफुडं एक उभी हुती. तांबडी. तुमी पेढं घ्यायला आत गेलतासा. मी पदर घेतला न् डावीकडनं हात फिरवला. मग पल्याड गेले, उजवीकडनं फिरवला. तितंबी त्योच उतार."

रईसच्या लग्नाला यंदा सोळा वर्षं झाली होती.

"मग?" त्यांनी विचारलं.

तिनं सूप एकदा पाखडलं.

"मग काय," ती म्हणाली. "तुमी पेढं घिऊन आलासा."