नाव बदललेला माणूस

“ट्वमचं नाव बदललंत, पाळकसाहेब, पण त्याचा खोकला तसाच ठेवलात,” लोवरीबाई दारातूनच म्हणाली. “या गावात तसा खोकणारा दुसरा होता कोण?”

इदवल प्रॉबर्टने हॅट काढली. स्लेटच्या दगडखाणीखालच्या या गावात तो अकरा वर्षं चॅपेलचा पाळक, म्हणजे धर्मोपदेशक होता. मग कार्डिफच्या रेडिओवाल्यांनी त्याचा आवाज हेरला आणि चॅपेल सुटलं. आता रोज सकाळी पाच मिनिटं अख्खा वेल्स चहा घेता घेता त्याचं चिंतन ऐकत असे. तीन पुस्तकं निघाली होती. चौथं छापायला गेलं होतं, आणि त्याचं पहिलंच प्रकरण लोवरीच्या नवऱ्यावर, ट्वमवर होतं.

ट्वमची फुप्फुसं दगडाच्या धुळीने खाल्ली होती. मरायच्या आदल्या दिवशी त्याने पाळकाचा हात धरला. “माझा देवावर विश्वास उरलेला नाही. लोवरीला सांगू नका.”

पाळकाने लोवरीला सांगितलं नाही. नऊ वर्षांनी, मागच्या आठवड्यात, ट्वमचं नाव तेवढं बदलून, रेडिओवरून सगळ्या मुलखाला सांगितलं.

“माफी मागायला आलोय,” इदवल म्हणाला. “म्हणाल तर उद्याच रेडिओवरून...”

“परत रेडिओवरच? मी समोर उभी आहे की!”

समोर कागद नसताना बोलायची त्याची सवयच गेली होती.

“भांडी घासत ऐकत होते मी,” ती म्हणाली. “छान बोलता हो तुम्ही. त्या बिचाऱ्यासाठी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग तुमच्या गोष्टीत त्याचा खोकला आला, आणि कळलं कोण ते.” तिने एप्रनला हात पुसले. “अठ्ठावीस वर्षं रोज जेवणाआधी मी प्रार्थना म्हणायची, तो आमेन म्हणायचा. कुणासाठी म्हणत होता मग?”

“तुमच्यासाठी.”

तिने मान वर केली.

“त्यानेच सांगितलं होतं,” इदवल म्हणाला. “तिचा आवाज ऐकायला बरं वाटतं, म्हणून म्हणतो, असं.”

“हे नाही बोललात तुम्ही रेडिओवर.”

“नाही. पाच मिनिटांत बसत नव्हतं. मीच कापलं.”

लोवरीबाई खुर्चीवर बसली. मग इदवल कोपऱ्यावरच्या टपाल कचेरीत गेला आणि त्याने प्रकाशकाला फोन लावला.

“पहिलं प्रकरण काढा.”

“अहो, सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे!”

“मग पडू दे.”

तो परतला तेव्हा ती कोट घालून दारात उभी होती. दोघं चढण चढून दफनभूमीत गेले. इदवलने प्रार्थनेसाठी घसा साफ केला.

“राहू दे,” ती म्हणाली. “आज तुम्ही काही बोलू नका.”

ती ट्वमच्या थडग्याच्या दगडापाशी गुडघ्यांवर बसली आणि गवत उपटू लागली. थोड्या वेळाने तोही ओल्या मातीत तिच्या शेजारी बसला. खालच्या रस्त्यावरून त्याची परतीची बस गेली. त्याने वर पाहिलं नाही. दगडाच्या कडेचं गवत चिवट होतं. ते मुळासकट निघायला दोन्ही हात लागत होते.