मक्याची राखण

काकासाहेबांनी लाल वायरचं टोक दातात धरून सोललं आणि तोंडात आलेला प्लास्टिकचा तुकडा बांधावर थुंकला. मचाणाच्या सावलीत घरचा जुना, हातात धरून न्यायचा, मोबाईलचं कार्ड चालणारा टेप होता, जीपमधून काढलेला अँप्लीफायर होता आणि चार्ज करून आणलेली एक बॅटरी होती. आष्टी ते परतूर काळीपिवळी चालवायचे तेव्हा या अँप्लीफायरनं रस्ता दणाणून सोडला होता. पुढे जीप विकली. घेणाऱ्याला गाण्याचा नाद नव्हता, म्हणून हा डबा आणि दोन स्पीकर माळ्यावर पडून राहिले. आता म्हातारपणी या सामानाच्या नशिबी मका राखणं आलं होतं.

कणसं धरल्यापासून काकासाहेबांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ओढ्याकडून रानडुकरं यायची, आणि एकदा शिरली की खाण्यापेक्षा नासधूसच जास्त. रात्रभर मचाणावर बसून ओरडायचं, उजाडलं की धारा काढायच्या, दुपारी जरा पाठ टेकावी तर कुणीतरी दारात हजर. अंग असं आंबलं होतं की भाकरी चावायचासुद्धा कंटाळा यायचा. घसा तर पार बसला होता. मध्ये नुसता टेप लावून पाहिला, पण त्याचा आवाज मक्याच्या चार ताटांपलीकडे जाईना.

"आन गाण्याला भेत न्हाईत ती," शेजारच्या शेतातले साहेबराव म्हणाले होते. "माझ्याकडं तर गाणं लागलं की येतेत. जेवायची घंटा समजून राह्यले. माणसाचा आवाज पायजे, तोबी रागातला."

रागानं ओरडायला काकासाहेबांकडे घसा कुठे होता? म्हणून आज दुपारी त्यांनी मोबाईल बायकोच्या, दैवशालाबाईंच्या हातात दिला.

"ह्याच्यात ओरड. हाड म्हण, हुर्र म्हण. ह्याचं कार्ड टेपात घालतो आन लावून देतो रातभर. एक रात तरी घरी झोपतो."

"हाड," दैवशालाबाई म्हणाल्या.

"अगं, कोंबडी हाकलून राह्यली का? रागानं म्हण."

"कुणावर?"

"डुकरावर. आणखी कुणावर?"

त्यांनी मोबाईल उलटासुलटा करून पाहिला. मृगापासून त्या फारसं बोलतच नव्हत्या, आणि का ते काकासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. एकुलती लेक संध्या बदनापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही सगळ्या जगाची रीत. पण तिचे दिवस ऐन पेरणीत भरत आले. काकासाहेब म्हणाले, तिकडं दवाखाना जवळ आहे, सासरची माणसं चांगली आहेत, तेवढा मका पेरून होऊ दे, मग जाऊ. मका पेरून झाला आणि निरोप आला. लेकरू जन्मलं होतं आणि गेलंही होतं. दोघं धावत पोचली तोवर माती देऊन झाली होती.

त्यानंतर दैवशालाबाईंनी नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. स्वयंपाक वेळेवर, खुरपणी वेळेवर. त्या कडाकडा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकासाहेबांना पुष्कळदा वाटे. पण आपण होऊन विषय काढायची त्यांची छाती होत नव्हती. घरातली ती शांतता त्यांना मचाणावरच्या जागरणापेक्षाही जड जायची.

"तुमी समोर असल्यावर न्हाई यायचं मला," असं म्हणून त्या मोबाईल घेऊन मक्यात शिरल्या होत्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"झालं?"

"झालं," म्हणाल्या, आणि स्वयंपाकाला घरी गेल्या.

दिवस कलला तशी काकासाहेबांनी मोबाईलचं कार्ड टेपात घातलं, टेपाच्या हेडफोनच्या भोकातली वायर अँप्लीफायरला जोडली, स्पीकर मचाणाच्या खांबांना बांधले. डबा तरीही मुका. मग आठवलं, निळी वायर लाल वायरला लावल्याशिवाय तो जागा होत नाही. ती पिळली, आणि लाल दिवा लागला.

"हाऽऽड!"

ओढ्यावरचे बगळे उडाले. पलीकडच्या बांधावर साहेबराव दचकून मागे वळले. काकासाहेबांना हसू फुटलं. आज अंथरूण. त्यांनी तेच तेच वाजत राहील असं बटण दाबलं आणि चपला शोधू लागले.

"हाऽड! हुर्रऽऽ! हाड! ...झालं. आता कुठं दाबायचं ह्याला?"

स्पीकरमध्ये काहीतरी खुडबुडलं. एक उसासा आला. बाईंना बंद करणं जमलं नव्हतं. पुढचं त्या हळू बोलल्या होत्या, पण डबा हळू बोललेलंही सगळ्या शिवाराला सांगत होता.

"कुणावर रागावते म्हणं. ह्या मक्यापायी पोरगी घरी आणली न्हाई. मीबी गप बसले, मलाच जीभ न्हवती. डिंकाचे लाडू करून ठेवले, डब्यातच बुरशी आली त्यान्ला. एकदा मांडीवर घ्यायचं होतं मला, दुसरं काय मागितलं होतं? माझ्याच हातानं पेरला हा. या रे डुकरांनो, या. सगळा खाऊन टाका. मला एक कणीस नको त्यातलं."

काकासाहेबांचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. पलीकडे साहेबराव मान खाली घालून घराकडे चालू लागले. टेप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

दैवशालाबाई रोजच्यासारखी भाकरी घेऊन पायवाटेनं येत होत्या. आपलाच आवाज ऐकून त्या थबकल्या. धावत आल्या नाहीत, बंद करा म्हणून ओरडल्या नाहीत. सगळं संपेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या आणि मग मचाणाशी आल्या.

"बंद करायचं राह्यलं माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "पुसून टाका. दुसरं बोलते."

काकासाहेबांनी निळी वायर ओढून काढली.

"दुसरं नको. सकाळी बदनापूरला जाऊ. संध्याला घेऊन येऊ घरी."

"आता?"

बसक्या घशानं काकासाहेब म्हणाले, "उशीर झाला. माझ्यामुळं झाला. तरीबी जाऊ."

दैवशालाबाईंनी फडकं सोडलं. भाकरी मोडून नवऱ्याच्या हातात दिली, स्वतः घेतली नाही. आणि मग तोंडाला पदर न लावता त्या रडू लागल्या. काकासाहेब हातातला तुकडा तसाच धरून शेजारी बसून राहिले.

अंधार पडला. ओढ्याच्या बाजूला एक ताट कडकन मोडलं, पाठोपाठ दुसरं. सवयीनं दैवशालाबाई उठल्या आणि ओरडायला त्यांनी श्वास भरून घेतला.

"बस," काकासाहेब म्हणाले. "खाऊ दे."

त्या बसल्या. मक्यात कणसं मोडल्याचा आवाज येत राहिला, आणि दोघंही उठली नाहीत.